मागची भिंत

यूडिथने बाबागाडी मनोऱ्याकडे पाठ करून उभी केली आणि पायाने ब्रेक दाबला.

"अगं, उलटी काय लावलीस?" क्लेमेन्स म्हणाला. "तिला घंटा दिसणार कशा?"

"ऊन येतंय तिच्या डोळ्यांवर."

ऊन नव्हतंच. साल्झबर्गवर सकाळपासून ढग बसून होते आणि चौकातल्या कारंज्याचे दगडी घोडे त्या मळकट उजेडात नाकातून पाणी उडवत होते. क्लेमेन्सने वर ढगांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. त्याने हातातल्या पावाचा तुकडा मोडून टिलीला दिला. अडीच वर्षांची टिली पावावरचा मिठाचा एकेक खडा बोटाने टिपून जिभेवर ठेवू लागली.

घंटा वाजायला लागल्या. आधी एक बारीक, चाचपडत आलेली, मग तिच्यामागून सगळ्या. चौकातल्या माना वर झाल्या, हातातले फोन वर झाले. एका म्हाताऱ्याच्या कुत्र्याने बसल्या जागी दोन्ही कान मनोऱ्याकडे फिरवले. यूडिथ वाकून टिलीच्या मानेकडे बघत होती. केसांची बारीक वळणं जिथे संपतात ती जागा. तेवढी हलली की झालं. जराशी वळली की झालं.

टिलीने मिठाचा आणखी एक खडा टिपला.

घंटा थांबल्या, आणि रोजच्यासारखं वरच्या किल्ल्यातून उत्तर आलं. त्या जुन्या नळ्यांच्या वाद्याला गावातले लोक बैलच म्हणतात, आणि ते हंबरतंही तसंच. पलीकडच्या गाडीतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. छपरावरची कबुतरं एकदम उडाली, चौकावरून फिरली. तेव्हा टिलीने वर बघितलं आणि हात उंचावून किंचाळली.

"बघ!" क्लेमेन्सने यूडिथचं कोपर धरलं. "बघितलं की नाही तिने?"

"कबुतरं बघितली."

"आवाज आला म्हणून बघितलं."

"आवाज केव्हाचा येतोय, क्लेमेन्स. तिने बघितलं ते कबुतरं समोर आल्यावर."

तो हसला. पण कोपर सोडलं त्याने.

जन्मल्यावर दवाखान्यात टिलीचे कान तपासले होते तेव्हा सगळं ठीक होतं. पहिल्या वाढदिवसानंतर ती 'बाबा' म्हणाली, 'मांजर' म्हणाली, 'दे' म्हणाली. मग हिवाळ्यात एक मोठा ताप येऊन गेला, आणि त्यानंतर ते शब्द घरातून एकेक करून निघून गेले. शेवटी 'दे' तेवढा राहिला होता, आता त्याच्या जागी नुसता हात पुढे येत असे. क्लेमेन्सची आई म्हणायची, आमच्या घरातली मुलं उशिराच बोलतात, हा तर तीन वर्षांचा होईपर्यंत बोकडासारखा बघत बसायचा. क्लेमेन्स म्हणायचा, मी मळ्यातून आलो, बूट आपटत पायऱ्या चढलो की पोरगी धावत दाराशी येते, आणि ऐकू येत नाही म्हणे. यूडिथ जीवशास्त्र शिकलेली, टिली होईपर्यंत शाळेत शिकवत होती. ती मुलीच्या पाठीमागे जाऊन चमचा पाडायची, टाळी वाजवायची, किल्ल्या हलवायची. कधी टिली वळायची, कधी नाही. वळली त्या रात्री यूडिथला झोप लागायची.

कानांच्या तपासणीला व्हिएन्नातल्या दवाखान्याने पानगळीतली तारीख दिली होती. साल्झबर्गच्या दवाखान्यात याच गुरुवारची सकाळ मिळाली. "तपासणीला चाललोय असं नको म्हणूया," क्लेमेन्स म्हणाला होता. "चार दिवस फिरायला चाललोय. वाटेत एक तपासणी."

मुक्काम त्याच्या आत्याकडे होता. गुस्ती आत्या त्यांच्याच बुर्गेनलांड प्रांतातली, पण लग्न होऊन इथे आली आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिली. तिचं घर डोंगराच्या कड्याला टेकून उभ्या असलेल्या गल्लीत. नुसतं टेकून नव्हे. स्वयंपाकघराला तीनच भिंती बांधलेल्या होत्या. चौथी भिंत म्हणजे डोंगर. उघडा, ओलसर, मधूनमधून गोटे रुतलेला खडक. त्याच्या एका कोनाड्यात ती लोणी ठेवायची.

"शेजारी असावा तर असा," गुस्ती आत्या पहिल्याच दिवशी खडकावर थाप मारून म्हणाली. "घाम फुटतो त्याला, पण तोंडातून शब्द नाही. माझा नवरा बरोब्बर उलटा होता."

गल्लीच्या तोंडाशी लाल-पांढरी पट्टी बांधलेली होती आणि हेल्मेट घातलेला एक माणूस लोकांना पलीकडच्या बाजूने जायला सांगत होता. वर कड्यावर दोराला लटकलेली माणसं दिसत होती.

"ते काय करतायत?" यूडिथने विचारलं. तिने टिलीला आधीच कडेवर घेतलं होतं.

"डोंगराची दाढी. दर वर्षी येतात. हातोडीने ठोकत ठोकत खाली उतरतात. सुटा दगड लागला की पाडतात."

"दगड पाडतात? घरांवर?"

"अगं, आपण होऊन पडू नये म्हणून पाडतात. फार पूर्वी एकदा अर्धा कडा गल्लीवर आला होता, तेव्हापासून चाललंय हे." आत्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तुमच्या सपाट मुलखातली माणसं! तिथे उंचावरून पडणारं काय, तर करकोच्याची विष्ठा."

क्लेमेन्स पोट धरून हसला. यूडिथने टिलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरात शिरेपर्यंत काढला नाही.

त्या संध्याकाळी आत्या श्निट्झेल करत होती. खडकाला चिकटवून ठेवलेल्या टेबलावर तिने मांसाचे काप मांडले आणि लाकडी हातोडीने ठेचायला सुरुवात केली. टिली टेबलाखाली बसून, खडकाला पाठ टेकून, आत्याच्या चपलेशी खेळत होती. पहिला घाव बसला तशी ती बाहेर आली, उभी राहिली आणि टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून हातोडीकडे बघू लागली.

आत्याचा हात हवेतच थांबला.

"हिला ऐकू येत नाही?" ती म्हणाली. "कोण म्हणतं?"

क्लेमेन्सने यूडिथकडे बघितलं. यूडिथ बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, टिलीच्या मागे गेली आणि खिशातल्या किल्ल्या फरशीवर टाकल्या.

टिली हातोडीकडे बघत राहिली.

"अगं, समोर मांस ठेचलं जात असताना तुझ्या किल्ल्यांकडे मी तरी बघेन का?" आत्या म्हणाली. "उचल त्या. आणि बटाटे जाड सोलतेयस, अर्धा बटाटा सालीत जातोय."

बुधवारी सकाळी यूडिथ केस धूत होती. न्हाणीच्या दारावर क्लेमेन्सच्या धाडधाड थापा पडल्या.

"यूडिथ! बाहेर ये! आहेस तशी ये!"

ती डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात धावली. पडली, भाजली, घशात काही अडकलं, हे सगळं त्या चार पावलांत तिच्या मनात येऊन गेलं. क्लेमेन्स दारात उभा होता. आत्या तोंडावर बोट ठेवून उभी होती. टिली मागच्या भिंतीशी होती. दोन्ही तळवे खडकावर, गाल खडकावर.

वर कुठेतरी हातोडीचा घाव बसला. ठक्. टिली हसली.

थोडा वेळ काही नाही. ती वाट बघत होती, ओठ अर्धवट उघडे. ठक्, ठक्. ती खदखदून हसली, पायांची बोटं वर करून नाचली आणि पुन्हा गाल टेकवला.

"कान लावून ऐकतेय," आत्या कुजबुजली. "या गडबडीत मला ते ठोकणं कळलंसुद्धा नव्हतं. हिला कळलं. माझ्यापेक्षा तिखट कान आहेत पोरीचे!"

क्लेमेन्सने बाहीने डोळे पुसले आणि यूडिथला ओल्या केसांसकट जवळ घेतलं. यूडिथ त्याच्या खांद्यावरून बघत होती. ठक्. हसू. ठक्. हसू. चुकत नव्हतं. एकदाही चुकत नव्हतं. ती खुर्चीवर बसली.

"उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून येत नाही म्हणून सांगतो," क्लेमेन्स म्हणाला. "एवढ्याशा पोरीच्या डोक्याला तारा लावायच्या, झोपेचं औषध पाजायचं. कशाला? ऐकू येतंय तिला. बोलेल सावकाश."

यूडिथने मान हलवली. त्या दिवशी तिने जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर दोन पाव खाल्ले. कित्येक महिन्यांत तिने सकाळी असं बसून काही खाल्लं नव्हतं. आत्याने न विचारता तिसरा पाव तिच्या ताटलीत ठेवला.

दुपारी ते हेलब्रुनच्या बागेत गेले. क्लेमेन्सला लहानपणापासून जायचं होतं. कुण्या आर्चबिशपने पाहुण्यांची खोड काढायला चारशे वर्षांपूर्वी बांधलेली पाण्याची खेळणी. कुठून चिळकांडी येईल नेम नाही. दगडी मेजाभोवतालच्या दगडी स्टुलांवर बसायला कोण तयार आहे असं वाटाड्याने विचारलं, तर सगळ्यात आधी क्लेमेन्सचा हात वर. बुडाखालून पाणी उडालं तसा तो ओरडत उठला. शेजारच्या बाया हसल्या. यूडिथच्या कडेवरची टिली तर टाळ्या पिटत हसली. यूडिथही हसली, आणि आपण किती दिवसांनी हसतोय हे तिला त्या हसण्यातच कळलं.

मग ते गुहेत गेले. अंधारी, शिंपल्यांनी मढवलेली. आत पाण्याच्या जोरावर पक्षी गातात. पक्षी कुठे नसतातच. नुसता आवाज, भिंतींतून, छतातून, शंभर बाजूंनी. रांगेतली सगळी मुलं माना वर करून पक्षी शोधू लागली. एक मुलगी आईचा हात ओढून विचारत होती, कुठेयत, कुठेयत?

टिली खाली वाकली होती. फरशीवरून वाहणाऱ्या पाण्याच्या रेघेत तिने बोट घातलं होतं.

यूडिथ तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"टिली," तिने मागून हाक मारली. मग थोडी मोठ्याने, "टिली!"

पुढची एक अनोळखी बाई वळून बघू लागली.

"पाण्यात रमलीये ती," क्लेमेन्स म्हणाला.

"पक्ष्यांकडे एकदाही बघितलं नाही."

"अगं, पक्षी आहेतच कुठे बघायला?"

यूडिथने टिलीचा हात धरला. टिलीने वर बघितलं, आईचा चेहरा बघितला आणि तिचंही हसू गेलं.

परतीच्या बसमध्ये क्लेमेन्सच्या ओल्या विजारीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. टिली त्याच्या मांडीवर झोपली होती. तो खिडकीबाहेर बघत होता.

"सकाळी तू डोळ्यांनी बघितलंस," तो हळू म्हणाला. "आणि दुपारी पुन्हा सुरू केलंस."

"मी काही सुरू केलं नाही."

"किल्ल्या टाक, टाळी वाजव, उलटी गाडी लाव. तिला बहिरी ठरवल्याशिवाय तुला चैन पडणार नाहीये का?"

समोरच्या सीटवरच्या माणसाने मान थोडी वळवली आणि पुन्हा सरळ केली. यूडिथने टिलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग तिने हात काढून मांडीवर दाबून धरला.

"चुकलं माझं," क्लेमेन्स म्हणाला.

"नाही. कर उद्या फोन." ती म्हणाली. "तू म्हणतोस ते बरोबर असेल. कंटाळा आलाय मला, क्लेमेन्स. प्रत्येक आवाजाचा कंटाळा आलाय."

गुरुवारी तिला लवकर जाग आली. आत्या पाव आणायला गेली होती. गल्लीच्या तोंडाशी पट्टीजवळच्या माणसाशी तिचं वाजलेलं इथपर्यंत ऐकू येत होतं. "चाळीस वर्षं राहतेय मी इथे! माझ्या डोक्यावर पडायचा तर कधीच पडला असता!" वरच्या खोलीत क्लेमेन्स फोनवर थांबला होता. दवाखान्याचं गाणं वाजत होतं आणि मधूनमधून कुणी तरी थोडं थांबा म्हणत होतं.

टिली उठल्याबरोबर स्वयंपाकघरात गेली ती थेट मागच्या भिंतीशी. कड्यावर काम सुरू झालं होतं. आज माणसं घराच्या अगदी वर आली असावीत. घाव मोठे होते, खिडकीच्या काचाही किणकिणत होत्या. टिली तळवे टेकून हसत होती. यूडिथने कॉफी ओतली आणि कप हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. बघायला बरं वाटत होतं. दवाखाना नको, तारा नकोत. ठक्. हसू.

खडकाला रात्रभर पाणी सुटलं होतं. टिलीच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

"अगं, गारठशील," यूडिथ म्हणाली, तिने कप ठेवला आणि आत्याचं पुसणं घेऊन मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. एक हात घेतला, पुसला. दुसरा घेतला. दोन्ही छोटे तळवे पुसण्यात गुंडाळून ती चोळत होती तेव्हा डोक्यावर घाव बसला. काच वाजली. पाठोपाठ दुसरा, त्याहून मोठा, आणि एक दगड कड्यावरून घसरत, आपटत खाली गेला. यूडिथने दचकून मुलीला छातीशी ओढलं.

मग तिने तिला थोडं दूर धरून तिच्याकडे बघितलं.

टिली पुसण्यावरच्या निळ्या रेघा बघत होती. पापणीसुद्धा लवली नव्हती.

ठक्, वर झालं. ठक्. टिलीने हात सोडवून घ्यायला झटका दिला. यूडिथने सोडले. तळवे खडकावर गेले. ठक्. टिली हसली.

यूडिथ गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. बाहेर आत्या अजून भांडत होती. थोड्या वेळाने यूडिथने एक हात उचलला आणि टिलीच्या हाताशेजारी खडकावर ठेवला. गार, ओला, खरबरीत. आणि मग आतून, कुठून तरी फार आतून, काहीतरी येऊन तळव्याला लागलं. बाळ पोटात असताना आतून लागायचं तसं. टिलीने तिच्याकडे बघितलं. बघितलंस का, असं विचारल्यासारख्या भुवया वर केल्या.

"हो," यूडिथ म्हणाली, आणि मग तिने बोलणं सोडून मान हलवली.

क्लेमेन्स जिन्यावरून खाली आला. पायात नुसते मोजे, फोन कानाला. दोघींना तसं बसलेलं बघून त्याने मान कलती करून हसून बघितलं. "अजून गाणंच चालू आहे," तो म्हणाला. "अर्धा ऑपेरा ऐकून झाला माझा."

यूडिथने त्याचा मोकळा हात धरला आणि खडकावर ठेवला.

"काय?"

वर घाव बसला. त्याचा चेहरा बदलला. "अरे," तो म्हणाला. "हे तर..."

यूडिथने टिलीचे दोन्ही हात अलगद उचलून आपल्या ओंजळीत घेतले. ठक्. काच किणकिणली. टिली वडिलांच्या मोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघत होती. ठक्. ठक्. टिलीने वाकून तो अंगठा धरला.

क्लेमेन्सने खडकावरचा हात काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. मग त्याने खाली आपल्या पायांकडे बघितलं, दगडी फरशीवर उभ्या असलेल्या, आवाज न करणाऱ्या पायांकडे. घरच्या लाकडी पायऱ्या, लाकडी ओसरी, लाकडी जमीन, आणि त्यांवर आपटणारे त्याचे बूट.

फोनमधलं गाणं थांबलं. "ग्र्युस गॉट," एका बाईने नमस्कार केला. "बोला." आणि थोडं थांबून, "हॅलो? कोण बोलतंय?"

यूडिथने त्याच्याकडे बघितलं नाही. ती पुसण्याची घडी घालत होती, चार कोपरे जुळवत होती.

"हो," क्लेमेन्स म्हणाला. "आज सकाळची वेळ आहे आमची. मुलीची. ओटिली. नाही, नाही, येतोय आम्ही. फक्त एवढंच विचारायचं होतं... आत यायचं कुठल्या दाराने?"

वर ठोकणं थांबलं होतं. माणसं दोर सरकवत असावीत. टिली खडकाशी परत गेली होती. तळवे टेकून वाट बघत होती; एकदा गाल टेकवला, एकदा कपाळ. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले, तळवे मात्र खडकावरच राहिले.

यूडिथ उठली. टेबलावर परवाची लाकडी हातोडी धुऊन पालथी ठेवलेली होती. ती घेऊन यूडिथ मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली, नेहमी उभी राहायची तशी, मानेवरची ती केसांची वळणं दिसतील अशी. तिने हात लांब करून खडकावर हळूच एक ठोका दिला.

टिली वळली.